कुलूप काढलं त्याचं सोडा, पेन ड्राइव्ह वाटले त्याचं बोला

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नागपूरला राहतो. एका कंपनीकडून पैसे मोजून घेतलेली सुमारे ४०० गाणी त्या कंपनीच्याच ॲपमध्ये वाजायची. संगणक बदलला आणि बंद पडली. बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्याने ३०० रुपयांत त्यांचं डिजिटल कुलूप (गाणी दुसरीकडे वाजू न देणारी सोय) काढून दिलं. मग सकाळी फिरायला येणाऱ्या सहा मित्रांना मी ती पेन ड्राइव्हवर दिली. एकाच्या मुलाने ती टेलिग्रामवर टाकली. आता कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आहे. कुलूप तोडणं हाच गुन्हा, असं अमेरिकेतला पुतण्याही म्हणतो.

उत्तर : गुरुजी, पुतण्या तिथलं सांगतोय. १९९८ च्या अमेरिकी कायद्यात काही अपवाद सोडले तर कुलूप तोडणंच बेकायदा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं, त्यात सगळं हेतूवर आहे. हक्काचा भंग करायच्या हेतूने तोडलं तरच दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय कलम ५२ खासगी वापराला मोकळीक देतं. स्वतःची गाणी स्वतःच्या नव्या संगणकावर ऐकणं त्यात बसतं, हे मी कोर्टात बिनधास्त मांडेन. कंपनीच्या अटी मोडल्या असतील, तर ते भांडण कराराचं.

दुरुस्तीवाल्याकडे मात्र एकदा जाऊन या. दुसऱ्याला कुलूप काढून देणाऱ्याने त्या गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी, असं हेच कलम सांगतं. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर नुसतं 'गाणी – ३००/-' आहे. (अशी वही ठेवणारा दुकानदार मला तरी बर्डीवर भेटलेला नाही.) नोंद नसेल तर नसू द्या, मागची तारीख टाकून करायला लावू नका.

खरी अडचण पेन ड्राइव्हची. नोटिशीला जोडलेला फोटो पाहिलात का? टेलिग्रामवरच्या फाइलीत तुमचा ईमेल दिसतोय. कुलूप निघालं, खरेदीदाराची खूण आतच राहिली. सहा जणांना दिलेल्या प्रतींना 'स्वतःसाठी' म्हणता येत नाही, आणि कंपनी म्हणेल की वाटायलाच कुलूप काढलं होतं. म्हणून कुलूप कधी काढलं आणि प्रती कधी दिल्या, त्या तारखा मला कळवा. मध्ये दोन-चार महिने गेले असतील तर आपलं काम सोपं.

प्रती वाटण्याला कलम ६३ लागू शकतं : सहा महिने ते तीन वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलंय, तेव्हा नोटीस कपाटात टाकू नका. पण धंदा म्हणून केलेलं नसेल तर कारणं नोंदवून न्यायालयाला शिक्षा कमी करता येते. तुम्ही कुणाकडून एक पैसाही घेतला नाही, हे उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात लिहू.

तोवर पेन ड्राइव्ह परत मागवून तसेच ठेवा. टेलिग्रामवरचं त्या मुलाला काढायला लावा, त्याआधी फोटो घ्या. खरेदीच्या पावत्या ईमेलमधून छापून आणा. संगणक फॉरमॅट करू नका, आणि कंपनीच्या वकिलाला भिडस्तपणे फोन करून माफी तर मुळीच मागू नका.