वाचकांचे प्रश्न : अवकाशातलं विद्युतक्षेत्र की यानाचंच?

प्रश्न : ऊन पडलं की यानातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि यानावर धन भार साचतो, असं वाचलं. मग यानावरचं उपकरण बाहेरचं विद्युतक्षेत्र मोजतं की यानाचंच?

उत्तर : काळजी घेतली नाही तर यानाचंच! पृथ्वीभोवतालच्या अवकाशाचा अभ्यास करायला २००० साली सोडलेल्या ‘क्लस्टर’ यानांच्या मोहिमेचं उदाहरण घेऊ. तिच्या प्रत्येक यानातून ८ सेंमी व्यासाचे चार गोळे ४४ मीटर लांबीच्या तारांवर बाहेर सोडले होते. यान चार सेकंदांत एक गिरकी घेई, त्या ओढीनेच तारा ताणलेल्या राहत. समोरासमोरच्या गोळ्यांत ८८ मीटर अंतर, म्हणजे मीटरला १ मिलिव्होल्टचं क्षेत्र असेल तर त्यांच्या विभवातला (विद्युत पातळीतला) फरक ८८ मिलिव्होल्टचा; तोच मोजायचा. यानाचा स्वतःचा विभव मात्र कित्येक व्होल्ट असतो. म्हणून गोळे इतके लांब न्यायचे.

गोळ्यातूनही उन्हात इलेक्ट्रॉन उडतात. विरळ प्लाझ्मात (सुटे इलेक्ट्रॉन आणि धन भाराचे आयन यांच्या वायूत) तेवढे इलेक्ट्रॉन परत मिळत नाहीत, मग गोळ्याचा विभव वर चढतो आणि जराशा भटक्या प्रवाहानेही हलतो. यावर उपाय म्हणजे यानातून गोळ्याला शंभर-दीडशे नॅनोअँपिअरच्या घरात इलेक्ट्रॉन पुरवायचे. तो प्लाझ्माच्या विभवाजवळ स्थिर होतो. पण यान पृथ्वीच्या सावलीत शिरलं की सुटणारे इलेक्ट्रॉन थांबतात, पुरवठा चालूच राहतो आणि गोळा एकदम ऋण होतो. तेवढी मोजणी टाकून द्यावी लागते.

दोन गोळ्यांच्या पृष्ठभागांत फरक असला तर चूक यानाबरोबर फिरते, म्हणून ती स्थिर आकडा होऊन दिसते. खरं क्षेत्र गिरकीबरोबर लाटेसारखं वरखाली होतं, तेव्हा दोन्ही वेगळं काढता येतं. ऊन एकाच बाजूने पडल्याने होणारी सूर्याच्या दिशेची चूक मात्र फिरत नाही, तीही लाटेतच मिसळते. गिरकी इथे काहीच मदत करत नाही. त्यासाठी क्लस्टरवर दुसरं उपकरण होतं : इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, तो फिरून परत कुठे येतो ते पाहून क्षेत्र काढायचं. यानाचा भार त्याला फारसा बाधत नाही.

ध्रुवांवरच्या विरळ प्रदेशात तर दोन्ही उपकरणांचे आकडे जुळेनात. तिथल्या थंड (कमी ऊर्जेच्या) आयनांची गतिज ऊर्जा यानाच्या धन विभवापुढे कमी पडते. ते यानाला वळसा घालतात आणि मागे आयन नसलेली रुंद सावली पडते. हलके, चपळ इलेक्ट्रॉन तिच्यात शिरतात, सावली ऋण होते, गोळ्यांना खोटं क्षेत्र दिसतं. पण हे थंड आयन नेहमीच्या आयनमापकापर्यंत पोचतच नाहीत, यान त्यांना दूर लोटतं. दोन उपकरणांच्या आकड्यांतल्या याच फरकावरून संशोधकांनी या थंड आयनांचा वेग काढला आणि पृथ्वीच्या वातावरणातून निसटणाऱ्या आयनांचा हिशेब मांडला.