प्लॅस्टिकच्या होडीला पोचा

प्रश्न : मासे गरवायला नेतो ती छोटी प्लॅस्टिकची होडी उन्हाळाभर दोन दगडांवर होती. तळाला परातीएवढा पोचा पडलाय. फायबरचा थर देऊ का?

उत्तर : फायबर मुळीच नको, दादा. होडी पॉलिथिनची, त्यावर फायबर चिकटवायचं रेझीन धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. माझ्या होडीचंही तसंच झालं होतं. आधी भर दुपारी उन्हात पालथी घाला. पुष्कळदा पोचा तेवढ्यानंच वर येतो. नाहीतर होडी कुशीवर टेकवून पोच्यावर जुना टॉवेल धरा, उकळतं पाणी हळूहळू ओता. मऊ झाल्यावर आतून फडकं गुंडाळलेला लाकडी ठोकळा दाबा आणि गार पाणी ओतून प्लॅस्टिक गार होईपर्यंत सोडू नका. ब्लोलँपची ज्योत लावू नका, प्लॅस्टिक वितळेल. पोच्याच्या कडेला चीर दिसली तर मात्र प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडेच न्या. यापुढे होडी टायरांवर पालथी ठेवा.