उन्हाळ्यात पाणी उतरलं की बोट जड का होते? मोठं इंजिन घ्यावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंदूरजवळ म्हूकडे शेताला लागून तळं आहे, त्यात दहा फुटी, सपाट बुडाची फायबरची बोट आणि तिला अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन. दिवाळीच्या सुमारास मजेत पळते, पण एप्रिल-मेमध्ये तीच बोट कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. तर पाच हॉर्सपॉवरचं घ्यावं का?

इतक्यात घेऊ नका. मी इंदूरचा. समुद्र आमच्यापासून कोसों दूर, त्यामुळे बोटींचं माझं ज्ञान म्हणजे कॉलेजातलं फ्लुइड मेकॅनिक्स आणि नर्मदेकाठी महेश्वरच्या घाटावर नावाड्यांशी मारलेल्या गप्पा. पण तुमचा प्रश्न नेमका या दोन्हींत बसतो.

आधी दिवाळीतली बोट घ्या. बोट चालते तेव्हा लाटा उठवते, आणि वेग वाढला की या लाटा लांब होत जातात. ताशी ५ किलोमीटरला एका लाटेची लांबी साधारण चार फूट, म्हणजे तुमच्या बोटीच्या कडेने अडीच लाटा मावतात. ताशी ८ ला लाट दहा फुटांची होते. बोटही दहा फुटांचीच! आता पुढचं टोक एका लाटेच्या माथ्यावर, त्यामागचा माथा थेट शेपटीपाशी. त्याहून जोर लावलात की तो माथाही मागे सरकतो, शेपूट खड्ड्यात जाते आणि बोट स्वतःच उभा केलेला चढ चढत बसते. हिशोब सोपा आहे: पाण्यातल्या लांबीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात. तुमची हद्द ८ च्या आसपास.

हद्द म्हणजे भिंत नव्हे. शर्यतीची एकट्याची कयाक (वल्ह्याने चालवायची निमुळती होडी) ५.२ मीटरची असते, या हिशोबाने तिने ताशी १० लाच दमायला हवं. ऑलिंपिकवाले तिला किलोमीटरभर सरासरी १८ ने नेतात. ती इतकी अरुंद आणि हलकी असते की लाट मुळात छोटीच उठते. तुमची बोट रुंद, शिवाय मागून सरळ कापलेली. तिच्यामागे पाणी घुसळत राहतं आणि तेही ओझं तिलाच ओढावं लागतं. सपाट बुडाचा खरा फायदा पाण्यावर उचलून घसरण्यात आहे, पण त्याला बरीच ताकद लागते. पाच हॉर्सपॉवरवर एकटे असाल तर कदाचित उचलेल. दोघं बसलात तर अर्धवट वर, तोंड आभाळाकडे, आणि पेट्रोलचा धूर.

आता मे महिना. उथळ पाण्यात लाटेलाच वेगाची मर्यादा असते, आणि ती ठरते खोलीवरून: खोलीचं मीटरमध्ये वर्गमूळ गुणिले ११.३. तीन मीटर पाण्यात ताशी साडेएकोणीस, अर्ध्या मीटरमध्ये फक्त ८. या वेगाच्या दोन-तृतीयांशाजवळ पोचलात की त्रास सुरू होतो, म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये ताशी सव्वापाचलाच. लाट पुढे निसटू शकत नाही, तोंडापुढे साचत जाते. भरीला बूड आणि तळ यांच्या फटीतून पाणी जोरात धावतं, तिथला दाब घटतो आणि बोट खाली बसते. महेश्वरला नदीतल्या बाणेश्वर मंदिराकडून परतताना उथळ आलं की आमचा नावाडी इंजिन चक्क कमी करायचा. मागचं पाणी गढूळ झालेलं असायचं, आणि तो म्हणायचा, "पानी पकड़ रहा है, भैया." पुस्तकात यावर पानंच्या पानं आहेत, त्याने चार शब्दांत आटोपलं.

विश्वास बसत नसेल तर कूलरच्या रिकाम्या टाकीत बोटाच्या एका पेराहून कमी, सेंटीमीटरभर पाणी घ्या. एक कड जरा उचलून खाली ठेवा आणि लाट पलीकडे जायला किती वेळ लागतो ते बघा. मग पाणी वाढवून एकूण चार सेंटीमीटर करा आणि तेच करून बघा. निम्मा वेळ लागेल.

ही गंमत पहिल्यांदा नीट पाहिली स्कॉटलंडच्या जॉन स्कॉट रसेलने, १८३४ मध्ये, एडिनबराजवळच्या कालव्यावर. घोडे ओढत असलेली नाव एकदम थांबली आणि तिच्यापुढे साचलेली लाट एकटीच पुढे निघाली. हा पठ्ठ्या घोड्यावरून मैल-दोन मैल तिच्या मागे गेला! वेग त्याने सांगितला ताशी आठ-नऊ मैल, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर. वरच्या सूत्रात उलटं घाला: खोली दीड मीटर येते, कालव्याला शोभेल अशीच.

तर इंजिनचे पैसे ठेवा. एका बांबूवर वीतभर अंतराने रंगाच्या खुणा करा आणि मेमध्ये तळ्यात जागोजागी टेकवून बघा. बोटीच्या निम्म्या लांबीइतकं, म्हणजे पाच फूट पाणी जिथे असेल तिथे हा जाच जवळपास संपतो, तेवढ्याच पट्ट्यातून जा. दुसरं, इंजिन मागे, पेट्रोलचा कॅन मागे आणि माणसंही मागेच, असं असेल तर एकाला मधल्या फळीवर बसवा. शेपूट वर आली की फरक हँडल धरलेल्या हातालाच कळेल. एवढं करूनही पाच फुटांच्या पाण्यात बोट रखडली, तर इंजिनच्या पंख्याला शेवाळ-वेली गुंडाळल्यात का ते बघा. आमच्याकडच्या तळ्यांत उन्हाळ्यात तेही हमखास होतं.