ईस्टरला बोआक गावी

प्रश्न : २०२७ च्या ईस्टरला मुलं आणि आईसह फिलिपिन्सच्या मारिंदुके बेटावर, बोआकला जाणार आहोत. आई पूर्ण शाकाहारी. काय सांभाळावं? – एक वाचक, लातूर

उत्तर : ईस्टर २८ मार्चला असला तरी मंगळवारपर्यंतच बेट गाठा, बुधवारपासून मनिला गावाकडे निघतं आणि बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. मनिलाहून बसने लुसेना, तिथल्या दलाहिकन बंदरातून बालानाकानला साधारण तीन तासांची बोट. गुरुवार-शुक्रवार बँका बंद, एटीएमही रिकामी होतात. पेसो आधीच काढा.

खरी काळजी आईंच्या जेवणाची. गुड फ्रायडेला तिथे मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. त्यामुळे ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. साध्या भाजीतही ‘पातिस’ हे माशांचं खारट पाणी किंवा ‘बागुओंग’ हा आंबवलेल्या कोळंबीचा खार पडतो. दोन्हींची नावं घेऊन नको म्हणा. ‘सुमान’ चालेल : नारळाच्या दुधातला चिकट तांदूळ, केळीच्या पानात उकडलेला. सोबत कडक भाकरी अन् शेंगदाण्याची चटणी असू द्याच.

ईस्टरच्या आठवड्यात तिथे भरणाऱ्या ‘मोरियोनेस’ उत्सवातले मुखवटेधारी रोमन शिपाई रस्त्यात अचानक समोर येतात. लहानग्यांना आधी फोटो दाखवून ठेवा. रविवारी पहाटेची ‘सालुबोंग’ मात्र चुकवू नका. येशू आणि काळ्या ओढणीतली मारिया यांच्या मूर्ती दोन वाटांनी येऊन भेटतात, देवदूत झालेली मुलगी ती ओढणी उचलते. अंधार असतानाच जाऊन जागा धरा.