फिरत्या यंत्रातील ताण, न टेकता मोजताना

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यातील सहवीजनिर्मिती टर्बाइनवर बेअरिंगपाशी एडी करंट प्रोब (शाफ्टला न टेकता अंतर मोजणारे सेन्सर) आहेत. कंपनाचे आकडे मर्यादेत आहेत. मग शाफ्टवरील ताणही मर्यादेत आहे असे धरावे का?

उत्तर : धरू नये. प्रोबला ताण दिसत नाही, त्याच्या टोकापासून शाफ्टपर्यंतचे अंतर तेवढे दिसते. प्रचलित प्रोब दर मायक्रॉनला सुमारे 7.87 मिलिव्होल्ट देतो, पण तेथून ताणापर्यंत जाण्यासाठी रोटरचे गणित मांडावे लागते आणि ते कधीकधी अंदाजाच्या उलटे निघते. असंतुलनामुळे वाकलेला शाफ्ट फिरण्याच्या गतीनेच घुमत असेल, तर त्याची बाहेरची बाजू सतत बाहेरच राहते. त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी त्या वाकण्याचा ताण जवळपास स्थिर असतो. याउलट अलाइनमेंट (जोडलेल्या शाफ्टांची एका रेषेतील जुळणी) बिघडून शाफ्ट एकाच दिशेला वाकलेल्या अवस्थेत फिरत असेल, तर पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. धातू थकत जातो आणि कंपनाचा आकडा मात्र शांत राहू शकतो. अशा वेळी प्रोबचे डीसी गॅप व्होल्टेज, म्हणजे शाफ्टचे सरासरी अंतर दाखवणारे स्थिर व्होल्टेज, पाहावे, कारण बेअरिंगमधील शाफ्टची जागा सरकली की ते बदलते. हे व्होल्टेज बसवतेवेळी उणे 10 व्होल्टच्या आसपास लावतात आणि पुढे फारसे कोणी पाहत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. यंत्र थंड असताना, गरम झाल्यावर आणि पूर्ण भारावर त्याची नोंद ठेवावी.

प्रश्न : केसिंगमधील सेन्सरवरून फिरत्या पातीच्या मुळाशी असलेला ताण कसा कळतो? स्ट्रेन गेजच (ताण मोजणाऱ्या चिकटपट्ट्या) का चिकटवत नाहीत?

उत्तर : चिकटवतात, पण बहुधा चाचणीपुरते आणि मोजक्या पात्यांवर, कारण वाफेच्या माऱ्यात गेज आणि त्याच्या तारा फार काळ टिकत नाहीत. रोजच्या चालण्यात पातीचे टोक सेन्सरसमोर येण्याची वेळ मोजतात. मिनिटाला 3000 फेरे आणि टोकाची त्रिज्या 1.7 मीटर असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे 534 मीटर होतो; कंपनाने ते 1 मिलिमीटर सरकले की पाती सुमारे 1.9 मायक्रोसेकंद लवकर किंवा उशिरा येते. इतका फरक मोजता येतो, खरी अडचण पुढची आहे. एक सेन्सर पातीला सेकंदाला 50 वेळाच पाहतो, आणि पातीच्या कंपनाची वारंवारता त्याहून बरीच जास्त असते. ती फेऱ्यांच्या नेमक्या पटीत असली, तर पाती दरवेळी त्याच अवस्थेत समोर येते आणि कंपन नुसते स्थिर सरकणे भासते. म्हणून केसिंगभोवती असमान अंतरांवर अनेक सेन्सर बसवतात. त्यानंतर संगणकीय प्रारूपातून काढलेल्या गुणोत्तराने टोकाच्या हालचालीवरून मुळाशी असलेला ताण काढतात. हे गुणोत्तर प्रत्येक मोडसाठी, म्हणजे पाती कंप पावण्याच्या प्रत्येक तऱ्हेसाठी, वेगळे असते. मोड ओळखण्यात चूक झाली, तर आकडा दिसायला नेटका पण साफ चुकीचा येतो.

31 मार्च 1993 रोजी नरोरा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनच्या पात्या तुटल्या, त्यातून हायड्रोजनची गळती झाली आणि मोठी आग लागली. पाती निसटल्यावर होणारे असंतुलन बेअरिंगच्या प्रोबला तत्काळ कळते. तडा वाढत असताना मात्र बेअरिंगपर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

प्रश्न : शाफ्टला बसणारा पीळ याच प्रोबवर दिसेल का?

उत्तर : जवळजवळ नाहीच. अमेरिकेतील मोहावे वीज केंद्रात 1970 आणि 1971 मध्ये, पारेषण वाहिनीत एकसरीत जोडलेल्या (सिरीज) कपॅसिटरशी अनुनाद होऊन, जनरेटरच्या शाफ्टला असाच पीळ बसून तो निकामी झाला. पिळासाठी शाफ्टवर दोन दातेरी चाके बसवून त्यांच्या स्पंदांमधील वेळेचा फरक मोजतात. 200 मिलिमीटर व्यासाच्या पोलादी शाफ्टवर, 1 मीटर अंतरात 0.1 अंश पीळ म्हणजे पृष्ठभागावर सुमारे 14 मेगापास्कल ताण; मिनिटाला 3000 फेऱ्यांना तो 5.6 मायक्रोसेकंदांचा फरक दाखवतो. त्यामुळे दाते काटेकोर कापलेले हवेत.

प्रश्न : शाफ्टला क्रोम प्लेटिंग करून आणल्यावर कंपनाचा आकडा वाढला. यंत्र बिघडले का?

उत्तर : आधी प्रोबसमोरचा पट्टा तपासावा. प्रोब बहुधा 4140 या प्रकारच्या पोलादासाठी कॅलिब्रेट केलेला असतो आणि क्रोमचा थर, विशेषतः जाडी असमान असल्यास, खोटे कंपन दाखवतो. मंद गतीवर शाफ्ट फिरवून रनआउट (कंपन नसतानाही प्रोबवर दिसणारा चढउतार) घ्यावा. तेथेही आकडा मोठाच दिसला, तर त्या पट्ट्यावरचे प्लेटिंग काढून टाकावे.