मासा रात्री खरंच जातो का? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रवाळातले मासे दिवसभर कुठे फिरतात, आणि छोटं ऑपरेशन करून पोटात टॅग, म्हणजे आवाजातून आपला कोड पाठवणारं छोटं यंत्र, बसवून ते कसं शोधतात यावर मागे बोलले होते, त्यावर आलेले काही प्रश्न घेते.

प्रश्न : ताई, माशाला सरळ जीपीएस का नाही लावत? (कोथरूड)

जीपीएस रेडिओ लहरींवर चालतं, आणि खाऱ्या पाण्यात त्या लगेच विरतात, म्हणून तिथे आवाजच वापरावा लागतो. माशाच्या पोटात बसवलेला टॅग दर एक-दोन मिनिटांनी बहुधा ६९ किलोहर्ट्झवर आपला कोड पाठवतो, जो आपल्या कानाला ऐकू येत नाही, आणि तळाशी बांधलेले रिसीव्हर, म्हणजे तो आवाज टिपणारी यंत्रं, कोड आणि वेळ नोंदवतात. मग काही महिन्यांनी डायव्हर खाली जाऊन रिसीव्हर काढून आणतात, तेव्हा कुठे डेटा हातात पडतो.

प्रश्न : ऑपरेशनमध्ये माशाला त्रास होत नाही? माझ्या टँकमधल्या क्लाउनफिशला लावता येईल? (हडपसर)

बऱ्याच ठिकाणी लवंगेचं तेल घातलेल्या पाण्यात मासा बेशुद्ध करतात, हो, आपण दाढदुखीला लावतो तेच. पोटाला छोटा छेद, टॅग आत, एक-दोन टाके, आणि हे सगळं होईपर्यंत तोंडातून कल्ल्यांवर पाणी सोडत राहायचं. टॅगचं वजन माशाच्या साधारण २ टक्क्यांच्या आत ठेवतात, म्हणजे १० ग्रॅमच्या टॅगला अर्धा किलोचा मासा हवा. तुमच्या इवल्याशा क्लाउनफिशला प्लीज नको.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी घेतलेल्या डेटात दिवसा भरपूर नोंदी आहेत, रात्री जवळजवळ शून्य. मासा रात्री बाहेर चरायला जातो असं लिहू का? (शिवाजीनगर)

इतक्यात नको लिहूस! प्रवाळात चिमटा वाजवणाऱ्या छोट्या कोळंब्या असतात, पाण्यात डोकं घातलं की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो बघ, तो त्यांचा, आणि बऱ्याच ठिकाणी अंधार पडला की तो वाढतो. टॅगचा एक कोड पूर्ण जायला काही सेकंद लागतात, मध्येच तडतड घुसली की अख्खा कोड वाया, मग मासा समोर असूनही नोंद होत नाही. दुसरं म्हणजे पोपटमाशासारखे मासे रात्री कपारीत शिरून झोपतात आणि खडक आवाज अडवतो. तडतडीचा परिणाम वेगळा कळावा म्हणून एक टॅग माशात न घालता दोरीला बांधून एका जागी ठेवतात. तसा टॅग तुझ्या डेटात आहे का बघ, त्याच्याही नोंदी रात्री तितक्याच घटत असतील तर दोष त्या तडतडीचा, मासा गेला असं म्हणता येणार नाही.

खरंच जाणारे मासेही आहेत. कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉई बेटाजवळ फ्रेंच ग्रंट नावाचे मासे दिवसा प्रवाळापाशी थव्याने थांबतात आणि संध्याकाळी ठरलेल्या वाटेने समुद्री गवतात चरायला जातात. तिथे १९८४ साली छापलेल्या एका प्रयोगात काही मासे उचलून दुसऱ्या थव्यात सोडले, ते तिथल्या माशांमागून जाऊन नवी वाट शिकले, आणि नंतर जुने मासे काढून घेतले तरी त्याच वाटेने गेले. ज्यांना मागून जायची संधीच मिळाली नाही त्यांना ती वाट सापडली नाही. म्हणजे वाटाड्ये मासे सगळे पकडून नेले तर वाटही गेली, हे मला फार लागतं.

प्रश्न : मालवणला स्नॉर्केलिंगला चाललोय, तिथे काही करता येईल? (पिंपरी)

येईल की. प्लास्टिकची पाटी आणि पेन्सिल न्या, एकच खडक धरा, सकाळी आणि उशिरा दुपारी दहा-दहा मिनिटं वर तरंगत कोण आलं, कोण गेलं ते लिहा. प्रवाळावर पाय टेकवू नका, गाइड म्हणाला तरी नाही.