अडलंय ते करिअर नाही, पत्ता अडलाय

(पत्र थोडक्यात असं: मुलगी मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करायला ऑक्टोबरमध्ये जर्मनीत आखेनला गेलीये. एका मुलाकडून ३१ डिसेंबरपर्यंत तात्पुरती खोली मिळाली, पण तिथे तिचं नाव नोंदवायला तो तयार नाही, त्यामुळे बँक, पैसे, व्हिसा सगळं लटकलंय. वर्गातल्या काही जणांना पार्टटाइम जॉब लागलेत, हिला नाही. ती विचारते, "मॅडम, माझा निर्णयच चुकला का? सोडून परत येऊ, की बर्लिनला ट्रान्सफर घेऊ? आणि फेब्रुवारीचं तिकीट स्वस्त दिसतंय, निदान ते तरी काढू का?")

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही धस्स झालं. दुसऱ्यांदा पेन घेऊन बसले आणि एकेका तक्रारीखाली रेघ मारत गेले, तर काय निघालं माहितीये का, अकरा तक्रारी आणि त्यातल्या आठ एकाच खुंटीला टांगलेल्या. बँक अकाउंट नाही, ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले, दर महिन्याला थोडे थोडे सुटणारे) पैसे सुटत नाहीत, टॅक्स आयडी नाही, रेसिडन्स परमिटचा अर्ज अर्धवट, जॉबवाल्यांनी कागद मागितले ते नाहीत, झोप नाही, अभ्यास नाही, रडू येतं. याला करिअरचा प्रश्न नाही म्हणत गं, हा पत्त्याचा प्रश्न आहे, आणि पत्त्याच्या प्रश्नावर करिअरचा निर्णय घ्यायचा नसतो.

तिकडे सगळी साखळी आनमेल्डुंगपासून, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीपासून सुरू होते, हे तुला एव्हाना कळलंच असेल. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सिटी ऑफिसात नाव नोंदवायचं, त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला एक कागद लागतो, आणि तो देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. नोंदणी झाली की टॅक्स आयडी आपोआप पोस्टाने येतो, परमिटच्या फाइलला नोंदणीचा दाखला जोडता येतो, पुढचं पुढे सरकतं. आता तो मुलगा सही का देत नाही? तू लिहिलंयस की तो 'रूड' आहे. असेलही, पण बहुतेक वेळा कारण साधं असतं, मूळ मालकाला न विचारताच त्याने खोली पुढे भाड्याने दिलेली असते आणि तू नाव नोंदवलंस तर आपण पकडले जाऊ अशी त्याला भीती असते. त्याला एक मेसेज कर, भांडणाचा नाही, साधा, की मला नोंदणीसाठी तुझी सही हवीये, मालकाची परवानगी घेतोस का. हो म्हणाला तर सोन्याहून पिवळं. नाही म्हणाला तर त्याच्याशी कायदा खेळत बसू नकोस, तेवढी ताकद पुढच्या खोलीवर लाव.

ग्रुपवर कुणीतरी ३०० युरोत नुसता 'पत्ता' देतोय म्हणालीस ना, त्याला ब्लॉक कर, आत्ताच्या आत्ता. जिथे राहत नाही तिथे नाव नोंदवायला कायद्याने मनाई आहे, दंड होतो, असा पत्ता देणाऱ्याला तर ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तुझं परमिट अजून व्हायचंय, तिथे खोटा कागद नकोच. आणि ती मैत्रीण सांगतेय ते व्हाल्सचं, तेही नीट समजून घे. व्हाल्स आखेनला इतकं चिकटलेलंय की आखेनच्या बसने सरळ जाता येतं, खोल्याही दिसतात, पण ते नेदरलँड्स आहे बाई. तिथे राहिलीस तर आखेनमध्ये नोंदणी होणार नाही, आणि तुझा व्हिसा जर्मनीत राहण्यासाठी दिलेला आहे. युरोपियन पासपोर्टवाले मजेत राहतात तिथे, त्यांचं बघून आपण जायचं नाही. त्यापेक्षा एश्वायलर, श्टोलबर्ग, ड्युरेन या बाजूला बघ, सगळी ट्रेनच्या लाइनवर आहेत आणि सेमेस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या पासावर जाता येतं. हो, रात्रीची शेवटची ट्रेन बघावी लागते, लायब्ररीतून धावत सुटावं लागतं, पण नोंदणी तर होते.

खोली शोधताना तू काय मेसेज पाठवतेस तो कॉपी केलायस पत्रात, तो वाचून खरं सांगू का, मीही उत्तर दिलं नसतं. 'डिअर सर ऑर मॅडम, आय ॲम अ सिन्सिअर स्टुडंट' असला अर्ज वेगेमध्ये कोण वाचणार? वेगे म्हणजे तीन-चार मुलं एकत्र राहतात तो फ्लॅट, त्यांना भाडेकरू नको असतो, स्वयंपाकघरात सकाळी कोण दिसणार हे बघायचं असतं. तर जर्मनमध्ये लिही, मोडकंतोडकं चालेल, पाच-सहा ओळी, आणि त्यांच्या जाहिरातीतली एक गोष्ट पकडून त्यावर बोल, की तुमच्याकडे मांजर आहे लिहिलंय, मला आवडतात, किंवा मी सकाळी लवकर उठते पण आवाज करत नाही. आणि शेवटी स्पष्ट विचार, आनमेल्डुंग होईल ना. खोली बघायच्या आधी कुणी डिपॉझिट मागितलं, मी परदेशात आहे चावी कुरियरने पाठवतो म्हणालं, तर तो फ्रॉडच समज, दुसरा विचारच करू नकोस. डिपॉझिट तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्यापेक्षा, म्हणजे हीटिंग-पाणी सोडून जे भाडं असतं त्याच्यापेक्षा, जास्त मागता येत नाही. स्टुडंट हॉस्टेलची वेटिंग लिस्ट लांब आहे म्हणून अर्जच केला नाहीस? कर की. लांब लिस्टमध्ये आज शिरलीस तर निदान सरकत राहशील, सेमेस्टर संपताना खोल्या रिकाम्या होतात.

बँकेचं मात्र नोंदणीसाठी थांबवून ठेवू नकोस. सगळे सांगतात 'आधी आनमेल्डुंग, मग अकाउंट', ते पूर्ण खरं नाही. २०१६ पासून तिकडे बेसिक अकाउंट हा हक्क आहे, कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही, पक्का पत्ता नसला तरी. शाखेत पासपोर्ट आणि युनिव्हर्सिटीचं पत्र घेऊन जा आणि 'बाझिसकोंटो' हाच शब्द वापर. एकदा अकाउंट झालं की ब्लॉक्ड अकाउंटमधले दर महिन्याचे ९९२ युरो सुटायला लागतील, म्हणजे बाबांकडून फोरेक्स कार्डात पैसे मागवणं बंद, आणि मला वाटतं निम्मं रडू तिथेच थांबेल.

आता एक फालतू वाटेल अशी गोष्ट सांगते, पण माझे तीन आठवडे हिने खाल्लेत. मी तिकडे शिकायला गेले तेव्हा एका बाईंच्या घरात खोली घेतली होती. खाली दारात पत्र्याच्या पेट्यांची रांग, प्रत्येकीवर आडनाव. बँकेने कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात पाठवला, दोन्ही परत गेले, पुन्हा पाठवले, पुन्हा परत. मी रोज बँकेला शिव्या घालतेय. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून खाली नेलं आणि पेटीवर बोट ठेवलं, तिथे बाईंचं आडनाव होतं, माझं कुठे होतं? तिकडे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो गं, पोस्टमन आडनाव बघून टाकतो, नाव नाही म्हणजे माणूस नाही. आजींनीच वहीचा तुकडा फाडला, माझं आडनाव मोठ्या अक्षरात लिहिलं, चिकटपट्टी लावली, चार दिवसांत कार्ड हजर. तर नवीन खोलीत बॅगा उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर नाव लाव. आणि नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल तेव्हा घाबरूही नकोस, फेकूही नकोस. ती घरामागे एकच असते, माणशी नाही, वेगेमध्ये कुणीतरी आधीच भरत असेल, त्याच्याकडून त्या फीचा खाते-नंबर घेऊन कळवून टाकायचं.

व्हिसा मार्चपर्यंत आहे म्हणतेस, मग वेळ आहे, फक्त तो संपायच्या आत परमिटचा अर्ज गेलेला हवा. वेळेत अर्ज केला की निर्णय लागेपर्यंत आधीचा हक्क चालू राहतो. अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं नाही, ऑनलाइन टाक आणि पोचपावती जपून ठेव.

जॉबचं. वर्गातल्यांना लागले म्हणतेस, कुठले लागले ते विचारलंस का? गोडाउन आणि डिलिव्हरी असणार. त्यात कमीपणा काही नाही, घरून पैसे येत नसतील तर करावंच लागतं, पण तुला पहिल्या सेमेस्टरला तेवढी निकड नाहीये, आणि कंपनीतल्या चांगल्या स्टुडंट जॉबला बऱ्याचदा जर्मन लागतं, जे तुझं अजून ए-टूवर, म्हणजे सुरुवातीच्या पातळीवर आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, ते कुठे पळून जात नाहीत. माझं ऐकशील तर दुसऱ्या सेमेस्टरला आपल्याच इन्स्टिट्यूटमध्ये हिवीचं काम बघ, म्हणजे प्रोफेसरांच्या हाताखाली स्टुडंट असिस्टंट, ते त्या १४० दिवसांत धरतही नाहीत आणि पुढे थीसिस तिथूनच निघतो. त्यासाठी आत्ता एकच करायचं, ज्या विषयात रस आहे त्याच्या ट्युटोरियलला पुढे बसून प्रश्न विचारायचे. डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं, तेव्हा आज नोव्हेंबरात मागे पडलीस असं काही झालेलं नाहीये.

विषय सहा घेतलेस ते मला जास्त काळजीचं वाटतं. परीक्षेला बसायचे प्रयत्न मोजलेले असतात, तुझ्या कोर्सची नियमावली काढून ते कलम वाच, आणि चार विषय नीट कर. पाचवं सेमेस्टर लागलं तर लागलं, तिकडे त्याची कुणी दखलही घेत नाही, बाबांशी मी बोलेन हवं तर.

बर्लिनचं विसर. खोल्यांची मारामार तिथे आखेनपेक्षा वाईट आहे, आणि तू पुन्हा शून्यावर. परत यायचं की नाही हेही आत्ता विचारूच नकोस. खोली, नोंदणी आणि एक परीक्षा झाल्यावर मला पुन्हा लिही, तेव्हाही यावंसं वाटलं तर मी अडवणार नाही, आपण नीट बसून बोलू.

तोवर संध्याकाळी खोलीत एकटी बसू नकोस, साडेचारला अंधार पडतो तिकडे आता. युनिव्हर्सिटीचे स्पोर्ट्सचे क्लास अगदी स्वस्तात असतात, बॅडमिंटन खेळायचीस म्हणालीस ना? आपल्या मुलींसोबत जा पण त्यांच्याशीच बोलत बसू नकोस, समोरच्या कोर्टवरच्यांना गाठ. माझ्या वेळी दोन खोल्यांचे पत्ते मला असेच व्हॉलीबॉल खेळताना मिळाले होते, जाहिरात टाकायच्या आधीच.

आणि ते फेब्रुवारीचं तिकीट, स्वस्त असेना का, काढू नकोस. तुमच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच पसरलेल्या असतात, आधी तारखा लागू दे.